जे लहान होत नाही, ते पाहावे : लढाऊ विमानांची मॉडेल्स आणि पूर्णाकार प्रतिकृती

महायुद्धांच्या काळातील एखाद्या लढाऊ विमानाचे रंगीत छायाचित्र समोर आले, की ते विमान कोणते हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न असतो तो ते केवढे आहे हा. वीतभर लांबीचे प्लॅस्टिकचे मॉडेल, रेडिओच्या साहाय्याने उडवले जाणारे दोन-अडीच मीटरचे मॉडेल, आत माणूस बसवून उडणारी पाऊण मापाची प्रतिकृती, लष्करी तळाच्या फाटकाशी खांबावर चढवलेले फायबरग्लासचे पूर्णाकार विमान आणि जुन्या आराखड्यांवरून नव्याने बांधलेले, खरोखर उडणारे पूर्णाकार विमान, ही सगळी छायाचित्राच्या चौकटीत सारख्याच आकाराची दिसतात. त्यामुळे मॉडेलचे छायाचित्र खऱ्या विमानाचे म्हणून फिरत राहते, आणि उलट एखाद्या निष्णात कारागिराने पूर्ण मापात बांधलेल्या प्रतिकृतीला कोणी सहज ‘मॉडेल’ म्हणून जाते. दोन्ही प्रकारांत कोणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कामावर अन्याय होतो, म्हणून हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

मी स्वतः स्केल मॉडेल्स तयार करतो. त्या कामातून हळूहळू लक्षात आलेली गोष्ट अशी, की विमान हवे तेवढे लहान करता येते, पण त्याच्या भोवतालच्या अनेक गोष्टी लहान होण्यास नकार देतात. माणूस लहान होत नाही, पाण्याचा थेंब लहान होत नाही, धुळीचा कण आणि रंगाचा थर लहान होत नाही, हवा आणि गुरुत्वाकर्षण तर नाहीच नाही. म्हणून छायाचित्र पाहताना विमानाच्या एकूण रूपावर नजर खिळवून ठेवण्यापेक्षा या न बदलणाऱ्या गोष्टी शोधाव्यात.

मोजमापासाठी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे उदाहरण घेऊ. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर होती. १:७२ या मापात, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्श्यात, पंखांचा विस्तार १५.६ सेंटीमीटर होतो, १:४८ मध्ये २३.४ आणि १:३२ मध्ये ३५.१ सेंटीमीटर. आता या मापांमध्ये जाडीचे काय होते ते पाहावे. खऱ्या विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. १:७२ मध्ये तो ०.०१४ मिलिमीटर, म्हणजे कागदाहूनही पातळ असायला हवा, आणि साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकला ते शक्य नाही. उलट बाजूने गणित केले तर मॉडेलच्या कॅनपीचे, म्हणजे चालकाच्या डोक्यावरच्या झाकणाचे, एक मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक खऱ्या मापात ७२ मिलिमीटरचे ठरते, आणि पत्र्यांच्या सांध्यासाठी कोरलेली ०.२ मिलिमीटरची रेघ १४ मिलिमीटर रुंद फट होते. कोणत्याही लढाऊ विमानाच्या पत्र्यांमध्ये बोट घालता येईल एवढ्या फटी नसतात.

त्यामुळे संशयास्पद छायाचित्रात मी आधी कडा शोधतो. पंखाची मागची कड, चाके जिथे आत जातात त्या पोकळीचे काठ, धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची तोंडे, उघड्या कॅनपीची चौकट, चाकांवरची झाकणे, या जागी जाडी लपत नाही. कसलेले मॉडेलकार पंखाची मागची कड आतून घासून पातळ करतात, नळ्यांची तोंडे सुईने पोखरतात, प्लॅस्टिकची कॅनपी काढून निर्वात दाबाने ओढलेली पातळ कॅनपी बसवतात. पण हे सगळे सर्वत्र आणि सारख्याच निगुतीने केलेले मॉडेल दुर्मीळ असते. एक कड कारागिराच्या नजरेतून सुटते आणि तीच पुरेशी ठरते.

दुसरी खूण पत्र्याच्या पृष्ठभागाची. फासळ्यांवर रिव्हेटने ठोकलेला पातळ पत्रा पूर्ण सपाट राहत नाही. दोन फासळ्यांच्या मध्ये तो किंचित दबतो, रिव्हेटच्या ओळीपाशी ताणला जातो, आणि म्हणून त्यावर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांनी हलते. ही हलकी लहर डोळ्याला सवय झाल्यावर लगेच कळते. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर आणि साच्यातून काढलेल्या फायबरग्लासच्या पूर्णाकार प्रतिकृतीवर मात्र प्रकाश सलग घरंगळतो. अलीकडे काही मॉडेलकार पृष्ठभाग खरवडून ही लहरही उतरवतात, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. तरीही सगळ्या खुणांमध्ये या खुणेवर माझा भरवसा जास्त आहे, कारण ती आकाराची नसून पदार्थाच्या वागण्याची खूण आहे.

रंगाचेही तसेच आहे. कारागीर ब्रशने किंवा एअरब्रशने रंगाचे टवके दाखवतो तेव्हा त्याचा सर्वांत बारीक ठिपका अर्धा मिलिमीटरचा धरला, तरी १:४८ मध्ये तो २४ मिलिमीटरचा टवका होतो. असे शेकडो टवके पंखाच्या मुळाशी दिसू लागले की माप उघड होते. शिवाय मॉडेलच्या प्रत्येक सांध्यात काळपट रंग भरण्याची पद्धत आहे. खऱ्या विमानावर घाण सर्वत्र सारखी बसत नाही. तेलाचे ओघळ इंजिनाच्या झाकणाखालून निघून पोटाखालून मागे जातात, धुराचे डाग हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ओढले जातात, चालक आणि तंत्रज्ञ जिथे पाय ठेवतात तेवढीच जागा झिजते. सगळे सांधे एकसारखे काळे असतील, तर ते विमान टेबलावर उभे असण्याची शक्यता फार मोठी.

कॅमेरा कोठे ठेवला होता, हा प्रश्नही विचारून पाहावा. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची सुमारे १.६ मीटर धरली, तर १:७२ च्या मॉडेलसाठी कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून अवघ्या २.२ सेंटीमीटरवर हवे, १:४८ साठी ३.३ आणि १:३२ साठी ५ सेंटीमीटरवर. बहुतेक कॅमेऱ्यांचे भिंग तेवढे खाली जातच नाही. परिणामी धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाच्या दोन्ही पंखांची वरची बाजू पूर्ण दिसते, जणू छायाचित्रकार शिडीवर चढला होता. खऱ्या विमानाची छायाचित्रे शिडीवरून, गच्चीवरून किंवा नियंत्रण मनोऱ्यावरून घेतली जातात हे खरे, पण तसे असेल तर पार्श्वभूमीतील क्षितिजही त्या उंचीशी जुळायला हवे. मॉडेलच्या मागे विमानतळाचे छापील चित्र लावले असेल तर हे सहसा जुळत नाही.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला सावलीबद्दलचा. उन्हात सावलीची कड किती पुसट दिसते हे सावली टाकणारी वस्तू जमिनीपासून किती दूर आहे यावर अवलंबून असते, आणि मॉडेलमध्ये हे अंतरही त्याच प्रमाणात कमी झालेले असते. त्यामुळे उन्हात ठेवलेल्या मॉडेलची सावली खऱ्या विमानाच्या सावलीसारखीच दिसते, आणि तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. घरातल्या दिव्यांची गोष्ट वेगळी, कारण जवळच्या दिव्याचे किरण समांतर नसतात आणि दोन दिवे असतील तर सावल्याही दोन पडतात. दुसरा गैरसमज पुसट पार्श्वभूमीबद्दलचा. विमानाचे नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर दिसले की ते मॉडेल, असे पूर्वी ठामपणे म्हणता येत असे. आता मोबाइलच्या लहान सेन्सरमुळे जवळची वस्तूही बरीच स्पष्ट येते, आणि वेगवेगळ्या अंतरांवर घेतलेली अनेक छायाचित्रे एकत्र जोडून सर्व भाग स्पष्ट करण्याची सोय झाली आहे. उलट खऱ्या विमानाच्या छायाचित्रात संगणकावर मागचा भाग धूसर करून ते खेळण्यासारखे दाखवण्याचीही फॅशन आहे. म्हणून या खुणेला मी आता फारसे महत्त्व देत नाही.

पाण्याच्या थेंबाला मात्र देतो. पाण्याच्या पृष्ठताणाला मापाशी काही देणेघेणे नसते. पावसानंतर खऱ्या पंखावर बसलेला पाच मिलिमीटरचा थेंब रिव्हेटच्या ओळीशेजारी जेमतेम लक्षात येतो, तर १:४८ च्या पंखावर तोच थेंब २४ सेंटीमीटरचा होतो. आग, धूर, लाटा आणि उडणारी माती यांचेही असेच आहे, आणि चित्रपटांत लहान मॉडेल वापरताना याच गोष्टींनी सर्वांत जास्त त्रास दिला. वरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. त्यामुळे १:४ मापाच्या मॉडेलची हालचाल खरी वाटण्यासाठी सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी, आणि १:१६ मापासाठी ९६ चौकटी घेऊन दृश्य संथ करावे लागते.

हाच वर्गमुळाचा नियम उडणारी मॉडेल्स ओळखायला उपयोगी पडतो, आणि माझ्या मते चलचित्रात फसण्याचे कारण उरत नाही ते याच्यामुळे. विमान एका सेकंदात स्वतःच्या किती लांब्या पार करते ते मोजावे. प्रदर्शनात ताशी ३०० किलोमीटरने जाणारे खरे स्पिटफायर सेकंदाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या नऊपट अंतर कापते. १:४ मापाच्या मॉडेलची लांबी २.२८ मीटर असते. वर्गमुळाच्या नियमाप्रमाणे त्याने मूळच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी १५० किलोमीटरने उडावे, आणि तसे उडाले तर ते सेकंदाला स्वतःच्या अठरा लांब्या पार करते. डोळ्याला ते दुप्पट घाईत दिसते. वळण घेताना, कोलांटी घेताना, जमिनीवर टेकून उसळताना, सगळीकडे ही घाई दिसते. वाऱ्याचा झोत आला की खरे विमान जडपणे डोलते, तर मॉडेल झटक्याने हलते.

वजनाचाही यात वाटा आहे. सुरुवातीच्या स्पिटफायरचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे २,६०० किलो होते. १:४ मापात ते चौसष्टाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ४१ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात मॉडेलकार आपले विमान यापेक्षा बरेच हलके ठेवतात, कारण हलके विमान सावकाश उतरवता येते. अमेरिकेत ५५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २५ किलोपेक्षा जड मॉडेलना वेगळ्या नियमांतून जावे लागते, हेही एक कारण. हलकेपणाचा परिणाम असा होतो, की धावपट्टीवर मॉडेल फार लवकर जमीन सोडते, त्याचे टायर खाली दबत नाहीत, आणि खडबडीत गवतावर ते उड्या मारत जाते. अडीच टनांखाली टायरचा खालचा भाग पसरतो, आणि उभ्या विमानाच्या छायाचित्रातसुद्धा तो पसरलेला दिसायला हवा.

प्रोपेलरकडे पाहण्याचीही एक रीत आहे. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाची फिरकी मिनिटाला कमाल ३,००० असली, तरी मधल्या दातेरी चक्रांमुळे प्रोपेलर तिच्या ०.४७७ पट, म्हणजे मिनिटाला सुमारे १,४३० फेरे घेतो. मोठ्या मॉडेलच्या पेट्रोल इंजिनावर बसवलेला प्रोपेलर साधारण सहा-सात हजार फेरे घेतो. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरता उघडला, तर खऱ्या प्रोपेलरचे पाते तेवढ्यात सुमारे ३४ अंश फिरते आणि तीन पात्यांची तीन वेगळी धूसर वर्तुळखंडे दिसतात. मॉडेलचे पाते तेवढ्याच वेळात जवळजवळ अर्धा फेरा पूर्ण करते, आणि दोन पात्यांची मिळून एक सलग चकती दिसते. दोन पाती हीसुद्धा खूण आहे. बरेच मॉडेलकार जमिनीवर दाखवण्यासाठी तीन किंवा चार पात्यांचा देखणा प्रोपेलर लावतात आणि उडवण्यापूर्वी तो काढून दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर चढवतात.

यानंतर येतो तो मधला प्रांत, जिथे मॉडेल आणि प्रतिकृती यांची सीमा खरोखरच पुसट होते. विमान मूळच्यापेक्षा लहान, पण आत माणूस बसलेला. १९७०च्या दशकात अमेरिकेतील ‘वॉर एअरक्राफ्ट रेप्लिकाज’ने जर्मन फोके-वुल्फ १९० आणि इतर लढाऊ विमानांच्या जवळपास निम्म्या मापाच्या, घरी बांधता येण्याजोग्या आवृत्त्या आणल्या. लाकडी सांगाड्यावर फोम आणि त्यावर फायबरग्लास अशी त्यांची रचना होती. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश एस.ई. ५ए या विमानाची सात-अष्टमांश मापाची आवृत्ती आराखडे विकत घेऊन अनेकांनी बांधली. टायटन कंपनीचे टी-५१ हे मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचे रूप तीन-चतुर्थांश मापाचे आहे. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या सुपरमरीन एअरक्राफ्टचे ‘मार्क २६’ हे स्पिटफायर आधी ८० टक्के आणि नंतर ९० टक्के मापात आले.

या विमानांसमोर कडा, लहरी, थेंब, टायर या सगळ्या खुणा निरुपयोगी ठरतात, कारण बांधणी खऱ्या विमानाची, वजन खरे आणि हवाही खरी. येथे एकच मोजपट्टी चालते आणि ती म्हणजे आतला माणूस. तीन-चतुर्थांश मापाच्या विमानात चालकाचे डोके विमानाच्या तुलनेत एक-तृतीयांशाने मोठे दिसते, आणि निम्म्या मापात ते दुप्पट होते. मग कॅनपी उंच करावी लागते, चालकाचे खांदे धडाच्या दोन्ही काठांना टेकतात. ८० किंवा ९० टक्क्यांच्या स्पिटफायरमध्ये हा फरक इतका कमी असतो, की एकट्या डोक्यावरून ठामपणे सांगता येत नाही. तिथे मागच्या बाजूला दुसऱ्या माणसासाठी केलेली जागा, नुसत्या शोभेच्या धूरनळ्या आणि लहान व्यासाचा प्रोपेलर यांची मदत घ्यावी लागते. रेडिओवर उडणाऱ्या मॉडेलच्या कॉकपिटमध्येही चालकाचा पुतळा असतो, पण तो बहुधा छातीपर्यंतचाच असतो आणि वळताना मान वळवत नाही. वळणाच्या आधी खरा चालक त्या दिशेला पाहतो. काही मॉडेलमध्ये मोटर बसवून पुतळ्याची मानही फिरवली जाते, पण ती यांत्रिकपणे फिरते.

पूर्ण मापात नव्याने बांधलेल्या विमानांत प्रश्न मापाचा राहत नाही, तर अस्सलपणाचा होतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनात सापडते. सांगाडा जुन्या आराखड्यांवरून पुन्हा बांधता येतो. ऐंशी वर्षांपूर्वीचे इंजिन मिळवणे, आणि मिळाले तरी त्यावर जीव सोपवणे, ही कठीण गोष्ट आहे. जर्मनीतील फ्लुग वेर्क या कंपनीने पूर्ण मापाची फोके-वुल्फ १९० बांधली, तेव्हा मूळ बीएमडब्ल्यू ८०१ ऐवजी रशियन एएसएच-८२ हे चौदा सिलिंडरचे इंजिन निवडले. १९९०च्या दशकात रशियात नव्याने बांधलेल्या याक लढाऊ विमानांत अमेरिकन अ‍ॅलिसन इंजिने बसवली गेली. अमेरिकेत उभी राहिलेली मेसरश्मिट २६२ ही जेट विमाने २००२ पासून उडू लागली, तेव्हा त्यांत मूळ युमो इंजिनांच्या आकाराच्या आवरणाआड जनरल इलेक्ट्रिकची कितीतरी लहान आणि भरवशाची जेट इंजिने होती.

इंजिन बदलले की विमानाचा चेहरा बदलतो, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रतिकृतीचे नसून परवान्याने बांधलेल्या विमानाचे आहे. जर्मन मेसरश्मिट १०९ चे डेमलर-बेंझ इंजिन उलटे टांगलेले होते, म्हणजे त्याचे सिलिंडर खाली होते, आणि म्हणून धूरनळ्यांची ओळ नाकाच्या खालच्या भागात असे. त्याच विमानाच्या स्पॅनिश बुचोन या आवृत्तीत शेवटी ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवले गेले. ते सरळ उभे असल्यामुळे नळ्यांची ओळ वर सरकली, हनुवटी फुगली आणि तीनऐवजी चार पात्यांचा प्रोपेलर आला. ब्रिटनच्या लढाईवरच्या १९६९ सालच्या चित्रपटात जर्मन विमाने म्हणून हीच बुचोन उडाली. तशीच अमेरिकन टेक्सन या प्रशिक्षण विमानांना जपानी झिरोचे रूप देऊन ती १९७० च्या सुमारास पर्ल हार्बरच्या चित्रपटासाठी उडवली गेली. टेक्सनच्या नाकात डोकावले तर एका ओळीत नऊ सिलिंडर दिसतात, झिरोच्या इंजिनात दोन ओळींत चौदा असत. शिवाय टेक्सनच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची जवळजवळ सरळ असते, आणि ती कोणत्याही रंगाने लपत नाही.

उडणाऱ्या पूर्णाकार विमानांबाबत मला एक गोष्ट नेहमी विचार करायला लावते. उत्तम स्केल मॉडेल १९४० सालच्या विमानाशी जेवढे प्रामाणिक असते, तेवढे उडणारे विमान राहू शकत नाही. त्याच्या पोटाखाली रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख रडारला कळवणारे यंत्र) यांच्या छोट्या अँटेना असतात, चालकाच्या खांद्यावर आधुनिक पट्टे असतात, कॉकपिटमध्ये जीपीएसचा पडदा असतो, रंग देखभालीच्या सोयीसाठी थोडा चकाकणारा असतो, आणि बंदुकांच्या जागी पोकळ नळ्या असतात. मॉडेलकार यांतले सहसा काहीच दाखवत नाही, कारण त्याला युद्धकाळातला एक दिवस उभा करायचा असतो. त्यामुळे छायाचित्रातील विमानावर एखादी आजच्या काळातील वस्तू सापडली, की ते पूर्ण मापाचे आणि उडणारे असल्याकडे माझा कल झुकतो. अनुक्रमांक आणि पथकाची अक्षरे मात्र पुराव्यात धरू नयेत. नामांकित वैमानिकाच्या विमानाची अक्षरे मॉडेलवर, फायबरग्लासवर आणि खऱ्या विमानावर सारखीच रंगवली जातात, आणि ब्रिटनमध्ये युद्धकालीन रंगांतल्या विमानांना नागरी नोंदणीची अक्षरे बाहेर न दाखवण्याची सवलतही मिळते.

न उडणाऱ्या पूर्णाकार प्रतिकृती ओळखणे त्या मानाने सोपे. ब्रिटनच्या हवाई तळांच्या फाटकांवर कित्येक वर्षे खरी स्पिटफायर उभी होती. ती मौल्यवान विमाने उघड्यावर गंजू नयेत म्हणून उतरवली गेली आणि त्यांच्या जागी फायबरग्लासची आली. त्यांच्या रडरभोवती (शेपटीवरचे हलणारे सुकाणू) आणि एलेरॉनभोवती (पंखांच्या मागच्या कडेची हलणारी झापडे) खरी फट नसते, नळ्या भरीव असतात, पंखाखालच्या रेडिएटरच्या तोंडातून आरपार काही दिसत नाही, आणि साच्यामुळे रिव्हेटच्या ओळी बोथट झालेल्या असतात. अशा विमानांना स्वतःची ओळख नसल्यामुळे ब्रिटनमध्ये बीएपीसी या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिले जातात, आणि ते क्रमांक शोधले की बहुतेक शंका मिटतात. युद्धकाळातही अशी विमाने होती. शत्रूला फसवण्याचे काम असलेल्या, कर्नल जॉन टर्नर यांच्या ब्रिटिश विभागाने शेपर्टनच्या चित्रपट स्टुडिओतील कारागिरांकडून लाकूड आणि कापडाची नकली विमाने करून घेतली आणि ती नकली धावपट्ट्यांवर मांडली. ती वरून पाहणाऱ्या शत्रूसाठी होती, म्हणून त्यांत बाह्याकार आणि सावली एवढेच सांभाळले होते.

सर्वांत अवघड प्रकरण जीर्णोद्धाराचे. एन३२०० हे स्पिटफायर २६ मे १९४० रोजी डंकर्कच्या लढाईत पडले, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील वाळूतून १९८६ मध्ये बाहेर निघाले आणि २०१४ मध्ये पुन्हा उडाले. वाळूत जवळपास अर्धशतक काढलेल्या विमानातील किती धातू आज त्याच्या पंखात आहे, हा प्रश्न छायाचित्राला विचारण्यात अर्थ नाही. त्याची ओळख कागदपत्रांत, क्रमांकाच्या पट्टीत आणि कारागिरांच्या नोंदींत आहे. माझ्या मते ते प्रतिकृती नाही, कारण त्याचा इतिहास अखंड सांगता येतो. पण हे माझे मत आहे, आणि याच्या विरुद्ध मत असणाऱ्या जाणकारांचे म्हणणेही मला मान्य करावेसे वाटते, विशेषतः जिथे जुन्या विमानाची केवळ पट्टी उरलेली असते तिथे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फोकर डीआर १ हे पहिल्या महायुद्धातील तीन पंखांचे जर्मन विमान येते. सुमारे ३२० विमाने बांधली गेली, आणि त्यांतले एकही आज शिल्लक नाही. रिश्टहोफेन या नामांकित जर्मन वैमानिकाने वापरलेले एक बर्लिनमध्ये जपून ठेवले होते, तेही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. म्हणजे या विमानाचे आजच्या काळातील कोणतेही छायाचित्र दिसले, तर ते एकतर मॉडेलचे आहे किंवा प्रतिकृतीचे, एवढे आधीच ठरलेले असते. मी अशा वेळी प्रथम शेपटीखाली पाहतो. मूळ विमानात तिथे लाकडी घसरपट्टी होती आणि चाकांना ब्रेक नव्हते. पक्क्या धावपट्टीवर वापरायच्या प्रतिकृतींना बहुधा शेपटीचे चाक आणि ब्रेक असतात. त्यानंतर इंजिन चालू असतानाचे छायाचित्र मिळते का ते शोधतो. मूळच्या ओबेरऊर्सेल इंजिनात मधला मुख्य दांडा विमानाला पक्का जखडलेला असे आणि नऊ सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगर फिरत. म्हणून प्रोपेलर धूसर आणि सिलिंडरही धूसर दिसले, तर ती जुन्या पद्धतीच्या फिरत्या इंजिनाची, अत्यंत कष्टाने बांधलेली पूर्णाकार प्रतिकृती समजावी. असे काम न्यूझीलंडच्या द व्हिंटेज एव्हिएटरसारख्या कंपनीने केले आहे, आणि तिथे पहिल्या महायुद्धातील इंजिनेही नव्याने घडवली गेली. प्रोपेलर धूसर पण सिलिंडर स्वच्छ, स्थिर दिसत असतील, तर इंजिन नंतरच्या काळातील साधे रेडियल, म्हणजे वर्तुळात मांडलेल्या स्थिर सिलिंडरांचे आहे, किंवा सिलिंडर केवळ शोभेचे असून खरे इंजिन आवरणाआड आहे. शोभेच्या सिलिंडरांखालून लहानशी एकच धूरनळी डोकावत असेल, तर ते उडणारे मॉडेलही असू शकते, आणि मग कॉकपिटमधल्या माणसाकडे पाहावे आणि तो मान वळवतो का ते तपासावे.